वर टाकीत काय आहे?

बिट्टीच्या बाबांनी आयुष्यभर सूचना लिहिल्या आणि त्या कुणीही वाचल्या नाहीत. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात ते वरिष्ठ लिपिक होते आणि भिंतीवर, खिडकीवर, जिन्यात, जिथे म्हणून काही चिकटवायचं असेल तिथला मजकूर त्यांच्या हातचा असायचा. 'अर्जासोबत मागील बिलाची प्रत जोडावी' ही सूचना ज्या खिडकीवर लावली होती, त्याच खिडकीत डोकं घालून लोक दिवसभर विचारायचे की सोबत काय जोडायचं. बाबा शांतपणे सांगायचे. पण माणूस आहे, आत कुठेतरी लागतंच. अशा माणसाच्या चार शब्दांच्या एका सूचनेनं अख्ख्या इमारतीच्या तोंडचं पाणी पळवावं, हे त्यांच्या वरिष्ठांना सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

अर्थात ती सूचना इमारतीसाठी नव्हतीच. ती बिट्टीसाठी होती, आणि बिट्टीला वाचता येत नव्हतं.

बिट्टी आठ वर्षांची. आधी ती चारचौघांसारख्या शाळेत जायची. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं, डॉक्टर पोटात काही नाही म्हणायचे, आणि हळूहळू तिनं घरात काही विचारणंच बंद केलं. 'का' म्हणून सतत मागे लागणारं पोर गप्प बसून भिंतीकडे बघायला लागलं, तेव्हा बिट्टीच्या आईनं कुणाला न विचारता तिचं नाव काढलं आणि एका मोकळ्या शाळेत घातलं. या शाळेत घंटा नव्हती, बाकं नव्हती, परीक्षा नव्हती. मुलं आपापलं काम निवडायची. एक मुलगा गेले कित्येक महिने मुंग्यांवर होता आणि त्याला तिथून कुणी उठवत नव्हतं. बिट्टी सध्या सावल्या मोजत होती. पोटदुखी पहिल्याच आठवड्यात गेली आणि प्रश्न परत आले. शिंपीकाका टाचण्या दातांत न धरता ओठांत का धरतात, लिफ्ट वर जाताना दोर कुठे जातो, बाबा झोपताना कुणाशी भांडतो. सगळं विचारायची. फक्त 'इथे काय लिहिलंय' एवढंच विचारायची नाही.

आणि नेमकी तिथेच गोम होती. शाळेच्या ताईंचा नियम एकच होता, पण त्याला दोन बाजू होत्या. मुलानं विचारल्याशिवाय शिकवायचं नाही, आणि विचारल्यावर टाळायचं नाही. मग हातात काही का असेना, सगळं बाजूला ठेवून तिथल्या तिथे सांगायचं. बाबांनी पालकसभेत घसा साफ करून विचारलं होतं की मुलानं विचारलंच नाही तर काय करायचं. ताई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" त्या शाळेत ताईंना काहीही विचारलं की हेच उत्तर मिळायचं. बाबांना काय वाटत होतं ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं. त्यांना धडकी भरली होती.

या धडकीचं मोठं कारण म्हणजे बिट्टीचा मामा. मामा एका नावाजलेल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. ते खोलीत आले की मोठी माणसंही पाठ ताठ करून बसायची. बिट्टीला वाचता येत नाही हे कळल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आपल्या शाळेत एक जागा तिच्यासाठी अडवून ठेवली. पुढच्या रविवारी मी येतो, म्हणाले. पोरीनं एक ओळ वाचून दाखवली तर राहू दे तिथे सावल्या मोजत. नाहीतर सोमवारपासून माझ्याकडे. बिट्टीची आई काही बोलायच्या आत बाबा "हो, हो, उत्तम" म्हणून मोकळे झाले. मुख्याध्यापकांसमोर त्यांच्या तोंडून दुसरं काही निघायचंच नाही. त्या संध्याकाळी बिट्टीची आई त्यांच्याशी फक्त भाजीपुरतं बोलली.

बाबांना सोमवार डोळ्यांसमोर दिसत होता. पोट धरून बसलेली बिट्टी आणि भिंत. वाचायला शिकवावं तर नियम मोडतो, न शिकवावं तर जागा तयार आहे. मग त्यांनी ठरवलं की आपण शिकवायचं नाही, पण तिनं विचारावं अशी तजवीज करायला कुणाची मनाई आहे? सरकारी माणसाला नियमाच्या कडेकडेनं चालायची सवय असते.

त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली. दारावर 'दार', खिडकीवर 'खिडकी', स्टुलावर चढून पंख्यावर 'पंखा'. बिट्टीनं त्या चिठ्ठ्या आवडीनं पाहिल्या, हाताला येतील तेवढ्या काढल्या आणि दुकान-दुकान खेळताना नोटा म्हणून वापरल्या. उरलेल्या रंगांप्रमाणे शोभतील तिथे लावल्या, त्यामुळे एके सकाळी बाबांनी मिठाचा चहा प्यायला आणि घाबरून चांगला झालाय म्हणाले. बिट्टीच्या आईनं आरशावरची चिठ्ठी ओरबाडून काढली. "मला सकाळी आरशात माझं तोंड बघू द्या," ती म्हणाली, "तो आरसा आहे हे मला ठाऊक आहे."

मग बाबांनी विचार केला की चिठ्ठीत गंमत नाही, म्हणून पोरगी विचारत नाही. गंमत हवी. बिट्टीला कित्येक दिवसांपासून भिंग हवं होतं, मुंग्यावाल्या मुलाकडे होतं तसं. बाबांनी भिंग आणलं, कागदात गुंडाळलं आणि गच्चीवरच्या जुन्या सिमेंटच्या टाकीत ठेवलं. ही टाकी कधीचीच फुटलेली, कोरडी ठणठणीत, बिनझाकणाची. इमारतीला पाणी पुरवणारी नवी टाकी तिच्या शेजारी, कुलूपबंद. आता सूचना लिहायची राहिली. पहिला मसुदा सवयीनं असा झाला: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, गच्चीवरील वापरात नसलेल्या जुन्या टाकीमध्ये एक वस्तू ठेवण्यात आलेली असून...' बाबांनीच वाचून जांभई दिली. मुलासाठी छोटं हवं. त्यांनी 'संबंधितांस' काढलं, 'वापरात नसलेल्या' काढलं, 'जुन्या' काढलं. काढता काढता चार शब्द राहिले. बाबांनी हयातीत एवढी छोटी सूचना लिहिली नव्हती, त्यांना जरा उघडं पडल्यासारखं वाटलं. पण मोठ्या, सुट्या, गोल अक्षरांत ती दिसत मात्र छान होती.

वर टाकीत काय आहे?

ऑफिसला जाताना त्यांनी ती लिफ्टमध्ये लावली, बिट्टीच्या डोळ्यांच्या उंचीवर. मुलांच्या वस्तू मुलांच्या उंचीवर असाव्यात असं ताई म्हणायच्या. चूक झाली ती इथेच. डोळ्यांसमोरची सूचना कुणी वाचत नाही हे बाबांना अनुभवानं माहीत होतं. पण कमरेपेक्षा थोडं वर काही लावलेलं असलं की ते कुणीतरी लपवून लावलंय असं वाटतं, आणि माणूस कमरेत वाकून, चष्मा सारखा करून, अक्षर न् अक्षर वाचतो.

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा वाचलं. त्यांचा दवाखाना घरातच होता. त्यांनी खुर्चीतल्या पेशंटला चूळ भरायच्या आधी थांबवलं आणि सेक्रेटरींना फोन केला. सेक्रेटरी निवृत्त होते आणि निवृत्त झाल्यापासून अशाच एखाद्या फोनची वाट बघत होते. त्यांनी टाकीचा कॉक बंद केला, कुलूप ओढून पाहिलं आणि सगळ्यांच्या बेल वाजवल्या. संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा जिन्यात बादल्यांची रांग होती आणि प्रत्येकाकडे एक सल्ला होता. पाणी उकळा. उकळू नका, वाफेतून जास्त जातं. तुरटी फिरवा. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांना पाण्याची चव महिनाभर वेगळी लागतच होती, फक्त त्यांनी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना आपले केस का गेले याचा आज उलगडा झाला.

बाबांनी सांगून टाकायचं ठरवलं होतं, हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवायला हवं. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात सेक्रेटरींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून जाहीर केलं की सुदैवानं आपल्यात पाणीपुरवठ्यातला माणूस आहे, आणि शोध समितीचे अध्यक्ष हेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शिवाय सांगायचं झालं तर कशासाठी लावलं तेही सांगावं लागणार. म्हणजे आठ वर्षांच्या मुलीला वाचता यावं म्हणून बापानं गळ टाकला, हे रविवारपर्यंत मामांच्या कानावर जाणार.

घरात बिट्टीची आई बादलीवर झाकण ठेवत होती. तिनं लिफ्टमध्ये ते अक्षर पाहिलं आणि ओळखलं होतं. तिनं एवढंच विचारलं की तुम्ही स्वतःहून सांगणार आहात की मी खालून पाणी वाहत राहू. बाबा म्हणाले, रविवार होऊ दे. तिनं त्यांच्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना आपल्याच कार्यालयात, आपल्याच रांगेत, सेक्रेटरींबरोबर उभं राहावं लागलं. खिडकीतला सहकारी बाबांना ओळख दाखवून हसला आणि मग कामाच्या आवाजात विचारू लागला. टाकीत काय आहे? सेक्रेटरी म्हणाले, तेच तर विचारायला आलोय. सहकारी म्हणाला, मीटरपर्यंत पाणी आमचं, पुढे तुमचं, आणि तक्रार घ्यायची तर कशाची ते कळायला हवं. त्यानं मागच्या पाटीकडे बोट केलं. 'तक्रारीचे स्वरूप स्पष्ट नमूद करावे. मोघम तक्रार स्वीकारली जाणार नाही.' सेक्रेटरींनी ती पाटी मोठ्यानं वाचली आणि हे कुठल्या शहाण्यानं लिहिलंय असं विचारलं. आपली पाटी आज प्रथमच कुणीतरी शेवटपर्यंत वाचली, याचा आनंद मानावा की कसं, हे बाबांना कळेना. ते छताकडे बघत राहिले.

शेवटी टाकी उपसायचं ठरलं. झाकण उघडलं, पाणी सोडलं, गच्चीवरून ते जिन्यात आलं आणि शिंपीकाकांच्या दुकानात शिरलं. तळाला एक चमचा, एक चेंडू आणि एक रबरी चप्पल निघाली. म्हणजे सूचना खरी होती. टाकीत काहीतरी होतंच. धास्ती दुप्पट झाली. फक्त चप्पल सेक्रेटरींची निघाली. वर्षभरापूर्वी ती हरवली तेव्हा त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या पेशंटांवर संशय घेऊन दोन महिने दवाखान्याची पाटी लावू दिली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी चप्पल चिमट्यात धरून त्यांच्या दाराशी नेऊन ठेवली. त्यानंतर गुन्हेगार शोधायची सेक्रेटरींना फारच निकड वाटू लागली.

या सगळ्यात बिट्टी कुठे होती? ती रोज त्या सूचनेसमोरून जात होती. कागद अगदी तिच्या नाकासमोर होता. इमारतीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तो वाचला, दूध टाकणाऱ्यानं वाचला, दातदुखीनं बेजार माणसांनी वाचला. बिट्टीनं काही विचारलं नाही. तिनं फक्त घरी येऊन सांगितलं की हल्ली लिफ्टमध्ये सगळे वाकतात आणि वाकताना सगळ्यांची सावली सारखीच दिसते. बाबा आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

रविवारी सकाळी गच्चीवर सभा भरली, आणि त्याच वेळी मामा आले. मुख्याध्यापक आलेत म्हटल्यावर सेक्रेटरींना हर्ष झाला. त्यांनी मामांना खुर्ची दिली, लिफ्टमधून काढलेला कागद त्यांच्या हातात ठेवला आणि सांगितलं की आज सगळ्यांकडून हेच चार शब्द लिहून घ्यायचे आणि अक्षर तुम्ही तपासायचं. मामांनी खिशातून लाल पेन काढलं. सगळ्यांनी लिहिलं. शोध समितीच्या अध्यक्षांनी इकडेतिकडे बघून डाव्या हातानं लिहिलं. मामांनी एकेक कागद बाजूला सारला. अध्यक्षांच्या कागदाशी मात्र ते थबकले आणि म्हणाले की हा कुणी लिहिलाय त्याला आधी पहिलीत बसवायला हवं. लोक हसले. बाबाही हसले, घाम पुसून.

तेवढ्यात मामांच्या खुर्चीच्या हातावरून बिट्टीचं डोकं वर आलं. तिनं लिफ्टमधला कागद पाहिला आणि ओळखीचं माणूस भेटावं तशी म्हणाली, "हे बाबाचं आहे. बाबाची ओळ शेवटी वर चढते."

बिट्टीच्या आईनं डोळे मिटले. मग सेक्रेटरींना हसू फुटलं. अध्यक्षच कसे लिहितील, म्हणाले. आणि मामांनी, बिचाऱ्यांनी चांगल्याच हेतूनं, बाबांच्या सुटकेचा रस्ता पुरता मोकळा करून दिला. "तिचं मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "तिला वाचता येत नाही. अक्षर कसलं ओळखते ती."

आता सगळेच हसले. बाबांनी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात ते काही कच्चे नव्हते. पण त्यांनी बिट्टीकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू बंद होत होता. हा चेहरा त्यांना पाठ होता. जुन्या शाळेच्या दिवसांतला, भिंतीकडे बघणारा. आणि तो चेहरा पुरता बंद व्हायच्या आत बिट्टीनं कागद उचलला, सगळ्यांमधून वाट काढत त्यांच्यापाशी आली आणि हळूच विचारलं,

"बाबा, यात काय लिहिलंय?"

किती महिने या एका प्रश्नासाठी बाबांचा जीव टांगणीला लागला होता. तो यावा म्हणून त्यांनी स्टुलावर चढून पंख्याला चिठ्ठी लावली होती, मिठाचा चहा प्यायला होता. आणि आला तो असा, अख्ख्या इमारतीसमोर. विचारल्यावर टाळायचं नाही. बाबा गच्चीच्या ओल्या फरशीवर मांडी घालून बसले. इस्त्रीची पँट होती, पण आता पँटचं काय घेऊन बसायचं.

"हो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मीच लिहिलंय. तुझ्यासाठी. बस इथे. हा 'व'. हा 'र'."

"वर," बिट्टी म्हणाली आणि वर पाहिलं.

"हा 'टा'. हा 'की'."

सेक्रेटरी काहीतरी बोलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना गप्प राहायची खूण केली, पेशंटला करतात तशी. बाबांचं बोट अक्षरावरून अक्षरावर सरकत होतं आणि त्यामागून बिट्टीचं. 'काय' तिनं दोनदा म्हणून पाहिलं. मग सगळी ओळ एकदा स्वतःशी पुटपुटली आणि उठून सरळ जुन्या टाकीकडे गेली. नव्या टाकीला कुलूप आहे, तिच्यात बाबा काय ठेवणार, एवढं तिला उघड होतं. फुटक्या भिंतीवरून ती आत उतरली. लोक पुढे सरसावले. ती वर आली तेव्हा एका हातात भिंग होतं आणि दुसऱ्या हातात ते ज्यात गुंडाळलं होतं तो कागद. त्यावरही दोन शब्द होते. बाबांनी गडबडीत लिहिले होते आणि विसरूनही गेले होते.

मामांना राहवलं नाही. त्यांनी पुढे होऊन लाल पेन पहिल्या अक्षरावर टेकवलं. बिट्टीनं कागद मागे घेतला.

"मामा, तू सांगू नकोस. मी विचारलं नाहीये."

मामांना आजवर असं कुणी बोललं नसावं. पेन हवेतच राहिलं. बिट्टीनं भिंग डोळ्याला लावलं, पहिला कागद खाली अंथरला आणि एकदा या कागदावर, एकदा त्या कागदावर, अशी अक्षरं जुळवू लागली. 'का' सापडला. 'य' सापडला. 'आ' तर 'आहे'मध्येच होता. 'त' होता, पण त्याला काना नव्हता, तो तिनं 'टाकी'तून आणला. एवढी माणसं उन्हात उभी होती आणि कुणाला घाईची आठवण नव्हती.

"आता काय?" बिट्टीनं वाचलं.

"तेच आम्ही विचारतोय," सेक्रेटरी म्हणाले.

मामांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग बहिणीला म्हणाले की ओळ एकच ठरली होती, दीड झाली, जागा दुसऱ्या कुणाला तरी देतो. बाबा फरशीवरून उठेचनात, अर्धं समाधानानं आणि अर्धं पाय आखडल्यामुळे.

सेक्रेटरींचं समाधान मात्र एवढ्यावर होणार नव्हतं. त्यांनी शिक्षा सुनावली की लिफ्टमध्ये लेखी माफी लावायची, आणि माणसांच्या उंचीवर. बाबांनी ती मन लावून लिहिली: 'सर्व सदनिकाधारकांस कळविण्यात येते की, झालेल्या गैरसोयीबद्दल निम्नस्वाक्षरीकार दिलगीर आहे...' पुढे बरंच होतं. नेहमीप्रमाणे ती कुणीही वाचली नाही. संध्याकाळपर्यंत एकेक जण दार वाजवून विचारून गेला की लिफ्टमध्ये काय लावलंय.

वाचली ती एकट्या बिट्टीनं. सोमवारी शाळेतून आल्यावर तिनं घरातलं स्टूल लिफ्टमध्ये नेलं, त्यावर उभी राहिली आणि हातात भिंग घेऊन वरून सुरुवात केली. अडलेलं विचारायला बाबांना शेजारी उभं केलं होतं. लिफ्टचं दार उघडंच होतं आणि वरून डॉक्टरीणबाईंचे पेशंट बटण दाबत होते.

"दिलगीर म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे, वाईट वाटलंय."

बिट्टीनं भिंगातून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुला वाईट वाटलंय?"

बाबांनी जिन्याकडे एक नजर टाकली. विचारल्यावर टाळायचं नाही.

"नाही."

"मग लिहिलंय कशाला?"

बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि तो शब्द खोडला.